नाव घ्यायला हवं होतंस, आपा

हमीदाआपा, तुझ्या हातून सबंध नोकरीत एकही चूक झाली नाही म्हणे. काल शोकसभेत आपल्या दवाखान्याचे चिटणीस तसं बोलले. टेबलावर तुझा फोटो, त्याला हार, पुढे उदबत्ती. युसूफभाईंना, तुझ्या भावाला, ते चालेल का हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. चिटणीस हात जोडून म्हणाले, "अशी परिचारिका पुन्हा होणे नाही. एकही चूक नाही, एकही तक्रार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला वाटत होतं, तू आता फोटोतूनच विचारशील, "ओ साहेब, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तू काही विचारलं नाहीस. मग मला उठावं लागलं.

उठून काय केलं ते सांगते, पण जरा धीर धर. तू गेल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहा टाकते आणि साखर विसरते. वॉर्डात एका कॉटपाशी जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. घरी हे म्हणाले, "अनू, चार दिवस रजा घे." मी म्हटलं, रजा घेऊन करू काय? घरात बसून तिच्याशीच भांडत बसेन. तसंही तेच चाललंय.

कामशेतला तुझ्या घरी पोचले तेव्हा तुला आंघोळ घालायची तयारी चालली होती. मी पदर खोचून सरळ आतच निघाले. आपण दोघींनी मिळून किती माणसांचं शेवटचं केलं असेल, आपा. तू डोळे मिटवायचीस, मी हनुवटी बांधायची, आणि दोघी त्या माणसाशी बोलत असायचो, जरा कूस वळवते हं बाबा, म्हणून. तुझं मी करणार हे मी गृहीतच धरलं होतं. तुझ्या भावजयीनं मला दारातच थांबवलं. "ताई, तुम्ही बसा. हे आमच्या बायकाच करतात." फार मऊ आवाजात बोलली बिचारी. तरी मला राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली. बाहेर चटईवर बसून आतून पाणी ओतल्याचा आवाज ऐकत राहिले. नंतर तिनंच मला आत नेलं आणि म्हणाली, "चेहरा बघून घ्या." तुझ्या कपाळाला कापराचा वास येत होता. मी रडले नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

ते भांडण काल सगळ्यांसमोर काढलं मी. नव्या मुलींना जुनं काहीच ठाऊक नाही, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं. तुलाही तसंच सांगते. ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

तेव्हा आपण बहुतेक जणी गाडीनं यायचो. तू कामशेतहून, मी तळेगावहून. पुण्याकडून आलेली गाडी इथे लोणावळ्याला थांबायची आणि तीच थोड्या वेळानं परत पुण्याकडे निघायची. दुपारी आपण ज्या डब्यातून उतरायचो त्यातच सकाळच्या मुली चढायच्या. ती गाडी चुकली की पुढची थेट संध्याकाळी. म्हणून मग पद्धत पडली होती. सकाळच्या मुली वॉर्ड गंगूमावशीवर, म्हणजे आपल्या आयाबाईवर टाकून स्टेशनवर यायच्या आणि फलाटावरच चार्ज द्यायच्या. कुणाला ताप, कुणाचं ऑपरेशन, कुणाला काय द्यायचं, सगळं बाकावर बसून. हातात भज्यांचा कागद. स्टेशनमास्तर येता-जाता विचारायचे, "काय सिस्टर, कोपऱ्यातल्या बुवांचा खोकला कमी आहे का?" त्यांना आपल्या पेशंटांची आपल्याइतकीच माहिती. आपण हसायचो. तू इनचार्ज होतीस आणि ही मुभा तूच दिलेली होतीस. कुणाचं लेकरू घरी वाट बघत असायचं, कुणाची सासू घड्याळ बघत बसलेली असायची. तुला सगळ्यांची दया यायची.

मंदा तेव्हा नवीन होती. कामशेतचीच, तुझ्या पलीकडच्या गल्लीतली. त्या दिवशी तिला बघायला पाहुणे यायचे होते. फलाटावर आली तीच केस सारखे करत. मी बायकांच्या वॉर्डाची, पण बाकावर तुमच्या शेजारीच बसले होते. त्यामुळे ती काय बोलली आणि काय बोलली नाही, हे मला पक्कं माहीत आहे. औंढ्याच्या आबांचं अंतर्गळाचं ऑपरेशन नीट झालं, पाणी चमच्यानं द्यायचं, दुखायला लागलं तर इंजेक्शन द्या असं डॉक्टरांनी सांगितलंय, एवढं ती बोलली. निघता निघता ते इंजेक्शन तिनं दिलंसुद्धा होतं, हे बोलायचं राहिलं. घाईत कागदावर लिहायचंही राहिलं. तू उलट तिची चेष्टा केलीस. "पाहुण्यांसमोर अशी घाईनं बोलू नकोस गं, पोहे न खाताच पळतील." तिघी हसलो. गाडी सुटली.

तू वॉर्डात गेलीस तर आबा कण्हत होते. मंदानं दिलेलं औषध अजून अंगात भिनायचं होतं. तू सिरिंज उकळून घेतलीस, इंजेक्शन भरलंस. आबा म्हणाले, "बाय, आत्ताच टोचली की सुई." आणि तू म्हणालीस, "आबा, ती सकाळची."

यातलं शेवटचं तू स्वतः सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं. तिथे होतं कोण? तू आणि आबा. ऑपरेशन झालेल्या माणसाला वेळेचं भान नसतं, असं आपल्याला शिकवलेलं. तू शिकवल्याप्रमाणे वागलीस. थोड्या वेळानं गंगूमावशी धावत माझ्या वॉर्डात आली. "अनुताई, चला बिगीनं, म्हातारं श्वासच घेईना झालंय." मी आले तेव्हा तू आबांच्या छातीवर हात ठेवून त्यांना हाका मारत होतीस. गालांवर थापट्या मारत होतीस, खांदे हलवत होतीस. मोठे डॉक्टर आले, औषधं दिली, तिथेच बसून राहिले. दिवेलागणीच्या सुमारास आबांनी डोळे उघडले आणि तंबाखू मागितली. तू मोरीत जाऊन तोंड धुतलंस. बाहेर आलीस ती दोन्ही हात ॲप्रनमध्ये खुपसूनच.

डॉक्टर म्हणाले, "घरच्यांना काही बोलू नका. वय झालंय, भूल जास्त चढली म्हणायचं." मलाही तेच बरोबर वाटलं होतं. माणूस वाचला, आता कशाला?

दुसऱ्या दिवशी आबांचा मुलगा औंढ्याहून भाकरी घेऊन आला. तू त्याला व्हरांड्यात बोलावलंस आणि उभ्या उभ्या सांगून टाकलंस. "काल तुमच्या वडिलांना दुखण्याचं इंजेक्शन दोनदा गेलं. दुसरं मी दिलं. आधी दिलंय असं ते मला सांगत होते, मी ऐकलं नाही. त्यांचा जीव जाता जाता राहिला."

तो तुझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "म्हंजी तुमच्या हातनं झालं?"

"हो, माझ्या हातून."

"मंग सांगताय कशापायी? आमाला कुटं काय कळत व्हतं?"

"म्हणूनच."

मग मात्र तो भडकला. "आमी अडाणी म्हून कायबी टोचता व्हय? मानूस हाय का बैल हाय त्यो?" सगळा वॉर्ड ऐकत होता. तू मान खाली घालून उभी होतीस. आतून आबाच ओरडले, "आरं गप की! जित्ता हाय न्हवं मी?" दोन-तीन जण हसले. त्याला मात्र हसू आलं नाही. त्यानं विचारलं, "आन् पयली सुई कुनी दिली?" त्याच्या मागे, ट्रॉलीपाशी, मंदा उभी होती. हातातला बोळा तिनं इतका पिळला होता की ओल फरशीवर टपकत होती. तू म्हणालीस, "वॉर्ड माझा आहे. जे विचारायचं ते मला विचारा."

आपलं भांडण इथून सुरू झालं. ड्रेसिंगच्या खोलीत दार लावून मी तुला काय काय बोलले! तू सांगितलंस हेच मला आधी पटलं नव्हतं. पण सांगायचंच तर सगळं सांगायचं होतंस. मी म्हटलं, "तुझ्या वाट्याची चूक तू घे. तिच्या वाट्याची तिला दे. ती बोलली असती तर तू दुसरी सुई भरलीच नसतीस."

"मी विचारलं असतं तरी भरली नसती. आणि आबा सांगत होते, अनू. त्यांचं ऐकायचं काम तर माझंच होतं ना?"

"होतं. त्याबद्दल मी काही म्हणतच नाही. मी मंदाबद्दल बोलतेय."

"तिचं नाव घेतलं की तिला उद्या काढून टाकतील. मला काढणार नाहीत. फलाटावर चार्ज द्यायची परवानगी तिनं दिली होती का? मी दिली होती."

"मग तिला काहीच नाही?"

"तिला कळलंय."

"कळलंय तर बोलू दे की तिला."

"बोलेल."

तू खरंच इतकी शांत होतीस की मुद्दाम तसा आवाज काढत होतीस, हे मला अजून कळलेलं नाही. मला मात्र तुझ्या त्या शांतपणाचा इतका संताप आला की मी दार आपटून बाहेर पडले.

तुला काढलं नाही, पण इनचार्जपण गेलं. कमिटीपुढे तू पुन्हा तेच सांगितलंस आणि मंदाचं नाव पुन्हा गिळलंस. तुला ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं आणि तुझी खुर्ची मला दिली. मी घेणार नव्हते. तू माझ्या घरी तळेगावला आलीस, माझ्या हातची थालीपीठं खाल्लीस आणि हात धुता धुता म्हणालीस, "नाही घेतलीस तर बाहेरून कुणीतरी आणतील. घे. फक्त फलाटावरचा चार्ज बंद कर. कॉटपाशी उभं राहून द्यायचा, मोठ्यानं, पेशंटला ऐकू जाईल असा. त्याला काही बोलायचं असेल तर बोलू द्यायचं. गाडी गेली तर जाऊ दे."

गाडी गेली तर जाऊ दे! तुला म्हणायला काय? माझा धाकटा तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. तरी केलं. पहिले काही महिने मुलींनी मला मनातल्या मनात आणि कधी कधी उघडही शिव्या दिल्या. गाडी डोळ्यांदेखत जायची आणि आम्ही कॉटमागून कॉट बोलत फिरायचो. पेशंटांना तर मोठीच करमणूक. कामशेतचे एक तांदळाचे व्यापारी होते, त्यांच्या पोटाची हकिगत मी सगळ्या वॉर्डाला ऐकवली, तर ते पांघरूण तोंडावर घेऊन म्हणाले, "बाई, हळू बोला हो, शेजारी आमचं गिऱ्हाईक आहे." तेव्हापासून तसल्या गोष्टी कानाशी वाकून बोलायचं ठरलं. तू ड्रेसिंगच्या खोलीतून ऐकत होतीस, आणि तुझं हसणं थेट वॉर्डापर्यंत आलं होतं.

पण एकदा ठाकरवाडीवरची एक बाळंतीण मुली बोलत असतानाच म्हणाली, "ती पांढरी गोळी नगं, तिनं माजं आंग सुजतंय, मागल्या बारीला मरत व्हते." कुणी विचारलंच नव्हतं तिला. गोळी पेल्याशेजारी ठेवलेलीसुद्धा होती. मी ती उचलली आणि तडक तुझ्याकडे आले. गोळी तुझ्या टेबलावर ठेवली. तू माझा हात दाबलास. त्या दिवशी मी तुझी किती ऋणी आहे हे मला कळलं, आणि ते मी तुला सांगितलं नाही. भांडणात सगळं सांगता येतं, हे मात्र सांगता येत नाही. आता सांगते. त्या बाईचं मूल आज शाळेत जातं, आपा.

तरी मंदाचा काटा सलतच राहिला. पुढे ती फार चांगली नर्स झाली. चार्ज देताना तिच्यासारखं बारकाईनं कुणी बोलत नाही. पण तुझ्या खोलीसमोरून जाताना ती झपझप चालायची, हे मी बघत होते. तू मात्र ईदचा शीरखुर्मा सगळ्यांत आधी तिच्या डब्यात घालायचीस. तिच्या बाळंतपणात तिच्या ड्युट्या तू केल्यास. मी अधूनमधून विचारायची, "काय, बोलली का तुझी मंदा?" तू पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणायचीस, "बोलेल." परवा परवापर्यंत हेच. मागच्या महिन्यात तुला बघायला कामशेतला आले होते, तू उशीला टेकून बसली होतीस, धाप लागत होती. तरी मी विचारलंच. मेलीला मला तेव्हाही राहवलं नाही. तू म्हणालीस, "तुला काय गं घाई?"

तर काल मी उठले. म्हटलं, "चिटणीससाहेब, हमीदा सिस्टरच्या हातून चूक झाली होती. मोठी झाली होती."

युसूफभाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा बघवेना. बहिणीला जमिनीत ठेवून आलेला माणूस, आणि समोर मी हे बोलतेय. चिटणीस घसा खाकरून म्हणाले, "बाई, आजच्या प्रसंगी हे..." मी म्हटलं, "आजच बोलायला हवं. चूक झालीच नाही म्हणालात तर तिनं पुढे जे केलं ते कुठे जाणार?" आणि सगळं सांगितलं. फलाट, आबा, सुई, व्हरांडा, खुर्ची. "आपण आज कॉटपाशी उभं राहून बोलतो ते तिच्या त्या चुकीमुळे," मी म्हणाले. मंदाचं नाव मात्र मी घेतलं नाही. इतकी वर्षं तुझ्याशी ज्यासाठी भांडले, ते माझ्याही तोंडून निघालं नाही बघ. पहिली सुई "कुणीतरी" दिली होती, असं म्हणाले. युसूफभाई उठायला लागले होते. त्यांची चप्पल सापडत नव्हती, म्हणून तेवढे थांबले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "पहिली मी दिली होती."

मंदा भिंतीपाशी उभी होती. अंगावर युनिफॉर्मची साडी, ड्युटीवरूनच आली होती. "मी दिली होती आणि फलाटावर सांगायची विसरले. गाडीत बसल्यावर आठवलं. कामशेतला उतरून परत जायला हवं होतं, नाही गेले. पाहुणे यायचे होते. दुसऱ्या दिवशी सगळं कळलं, तरी बोलले नाही. हमीदा सिस्टरना माहीत होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही." एका दमात बोलली आणि तिथेच खाली बसली. गाडीत आठवलं होतं, हे तुलाही ठाऊक नव्हतं ना? मला नव्हतं. युसूफभाई एक पाय चपलेत घालून उभे होते, ते परत खुर्चीवर बसले. पुढच्या भाषणांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

सभा संपल्यावर मंदा व्हरांड्यात सापडली. मला वाटलं होतं, तिला जवळ घ्यावं, उशिरा का होईना बोललीस म्हणावं. तू तेच केलं असतंस. ती म्हणाली, "ताई, मी रोज ठरवायचे. आज सांगू, उद्या सांगू. समोर गेले की त्या इतक्या मायेनं बोलायच्या की माझं तोंडच उघडायचं नाही. तो शीरखुर्मा मला घशाखाली उतरायचा नाही. एकदा, ताई, एकदा जरी त्या माझ्यावर रागावल्या असत्या, तरी मी बोलले असते."

ऐकलंस? म्हणजे माझं बरोबर होतं. तू तिची नोकरी वाचवलीस आणि तिला इतकी वर्षं त्या फलाटावरच बसवून ठेवलंस. तुझ्या चांगुलपणापुढे तिला चूक कबूल करायलाही जागा उरली नाही. आणि तरी तिला काढलं असतं तर आज इतकी चांगली नर्स आपल्याला मिळाली असती का, हेही मला सांगता येत नाही. आपा, मी भांडण जिंकले असेन तर मला आनंद का होत नाही?

मी तिला जवळ घेतलं नाही. मी तिच्यावर रागावले. आवाज चढवून, तिथेच, येणारे-जाणारे बघत असताना. "म्हातारा मरत होता, मंदा! तुला गाडीत आठवलं आणि तू तशीच घरी गेलीस? पाहुण्यांसमोर बसलीस? तिची खुर्ची गेली, आणि तू रोज तिच्या दारावरून चालत गेलीस?" आणखीही बरंच बोलले. ती मान खाली घालून सगळं ऐकत होती, रडत होती. मी दमून थांबले. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "अजून बोला, ताई."

मग मी अजून बोलले, आपा. तुझ्या वाटचंही.